अनेरच्या गोट्यात समुद्र सापडेल का?

दगडमाती : वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरून नद्या निवळल्या की या सदराकडे गोट्यांचे फोटो यायला लागतात. यंदा आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला आहे: आपल्या नदीनाल्यांत समुद्री जीवाश्म मिळतात का? त्यामुळे हा अंक त्यालाच दिला. भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आणि सुट्टीचे दिवस तापीच्या खोऱ्यात. या विषयावर मला भरभरून बोलावंसं वाटतं, ते वाचक समजून घेतील.

प्रश्न : सर, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अनेर नदीवर नेलं होतं. एका मुलाला काळा गोटा मिळाला. त्याच्या फुटलेल्या बाजूला पांढरा, शिंपल्यासारखा पंखा दिसतो. मुलं म्हणतात, इथे समुद्र होता. त्यांना काय सांगू? फोटो जोडला आहे.
(एक शिक्षिका, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, फोटो स्पष्ट आहे, त्यामुळे खात्रीने सांगता येतं. हा शिंपला नाही, हे झिओलाइट गटातलं खनिज आहे. पण मुलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी गोटा पुन्हा हातात घ्या आणि भिंगातून बघा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. पांढऱ्या पंख्यातल्या रेघा एका बिंदूतून निघून सरळ बाहेर पसरल्या आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक सुई आहे आणि उन्हात तिरकी धरली की ती रेशमासारखी चमकते. आता त्या रेघांना आडव्या छेदणाऱ्या, काठाला समांतर जाणाऱ्या कमानी शोधा. सापडणार नाहीत. शिंपला मात्र काठाकडून वाढतो. आतला जीव जसा मोठा होतो तशी तो कवचाच्या कडेला नवी पट्टी जोडत जातो, म्हणून शिंपल्यावर कमानीच्या आत कमान अशा वाढीच्या रेघा असतातच. कितीही झिजला तरी त्या कुठे ना कुठे उरतात. उभ्या रेघा खनिजातही असतात, त्यांना छेदणाऱ्या वाढीच्या कमानी मात्र बहुधा जिवातच. मुलांना एवढी एक गोष्ट दाखवलीत तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

दुसरी खूण म्हणजे भोवतालचा दगड. तो काळा, जड, बारीक कणांचा आहे आणि त्यात बुडबुड्यांची भोकं आहेत. म्हणजे तो बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर बाहेर पडले आणि आजचा सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याचा डोंगर तयार झाला. तापलेल्या लाव्हातली वाफ बुडबुड्यांच्या रूपात अडकली, पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं आणि त्यातली खनिजं आत स्फटिक होऊन बसली. स्टिलबाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधली अशी खनिजं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. तुमच्या विद्यार्थ्याला मिळालेला गोटा त्याच घराण्यातला आहे, तो शाळेत जपून ठेवा.

आता मूळ मुद्दा. नदीतला गोटा कुठून आला हे कळायला नदीचा वरचा भाग बघायचा. नदी जिथून वाहत येते तिथलाच दगड ती आणते. अनेर सातपुड्यात उगम पावते आणि दक्षिणेला उतरून तापीला मिळते. तिची वाट लाव्हावरून आणि त्याच्याच गाळावरून जाते. सुकी, मोर, गोमाई यांचीही तीच गत. दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर या नद्याही काळ्या पाषाणातूनच येतात. खुद्द तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते. तिथून भुसावळपर्यंत येताना तिच्या वाटेत समुद्री जीवाश्मांचे थर लागत नाहीत. त्यामुळे अनेरच्या पात्रात समुद्री शिंपला मिळाला, तर तो कोणाच्या तरी पिशवीतून पडला असंच आधी समजावं.

पण म्हणून मुलांना ‘इथे समुद्र नव्हताच’ असं सांगून टाकू नका, कारण समुद्र इथून फार दूर नव्हता. सातपुडा ओलांडा, नर्मदा ओलांडा, की मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव लागतं. तिथल्या ओढ्यांच्या काठांवर चुनखडीचे थर उघडे पडले आहेत. त्यात कालवं, शंख, काटेरी गोल सी-अर्चिन, ब्रायोझोआ या चिमुकल्या समुद्री जिवांच्या वसाहती, शार्कचे दात आणि गुंडाळलेल्या शिंगासारखे अमोनाइट सापडतात. वय साधारण 9 कोटी वर्षं, म्हणजे आपल्या लाव्हाच्या किती तरी आधीचं. पश्चिमेचा समुद्र तेव्हा नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून आत घुसला होता. भूशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1869 साली तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्याचं भूशास्त्र प्रसिद्ध केलं, आणि 1884 मध्ये प्रमथनाथ बोस यांनी बागच्या थरांची एकेक पायरी मांडली: खाली निमाडचा वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींची चुनखडी, मग चिराखानचा मातकट थर, आणि वर ‘कोरलाइन’ चुनखडी. नाव कोरलाइन असलं तरी ती प्रवाळाची नाही, बहुतांशी ब्रायोझोआंच्या तुकड्यांची आहे.

मग बागचा गोटा अनेरमध्ये का येत नाही? मुलांना नकाशा काढायला लावा. सातपुड्याच्या कण्यावर पडलेला पाऊस उत्तर उतारावरून नर्मदेकडे जातो, दक्षिण उतारावरून तापीकडे. बाग तर नर्मदेच्याही पलीकडे. तिथून सुटलेला दगड नर्मदेत पडतो आणि भरूचच्या दिशेने जातो, आपल्याकडे येण्याची वाटच त्याला नाही. हा नकाशा मुलांनी हाताने काढला की पुढे कुठलीही नदी बघताना त्यांना हाच प्रश्न सुचेल.

आपल्या पायाखाली काय आहे, हा याहून कुतूहलाचा भाग. जमिनीतून पाठवलेल्या लहरी आणि विद्युत-चुंबकीय मोजणी यांवरून नर्मदा-तापी पट्ट्यात लाव्हाच्या खाली गाळाच्या खडकांचे थर असल्याचा अंदाज भूभौतिक संशोधकांनी बांधला आहे. आणखी एक. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाच्या जागी लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची कवचं मिळाल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या संशोधकांच्या मते समुद्राचा एक चिंचोळा फाटा नर्मदेच्या किंवा तापीच्या खचदरीतून तिथवर पोचला असावा. सर्वांना हे पटलेलं नाही. मला स्वतःला तापीची वाट शक्य वाटते, आणि तो पुरावा खान्देशात कुठल्या तरी विहिरीच्या मलब्यात मिळावा अशी फार इच्छा आहे. म्हणून सांगतो, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट, हिरवट किंवा राखाडी मातीचा पट्टा दिसला तर त्याला हात लावण्याआधी फोटो काढा आणि जागा लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या देवघरात दोन शाळिग्राम आहेत. नातू म्हणतो, तो समुद्रातल्या किड्याचा दगड आहे. देवाच्या बाबतीत असं बोललेलं मला आवडलं नाही, पण खरं काय ते कळावं.
(एक आजी, अमळनेर)

उत्तर : मावशी, नातवाने शब्द चुकीचा वापरला, पण त्याला जे कळलंय ते खरं आहे. आणि ते ऐकून शाळिग्रामाचं मोल वाढावं, कमी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूने काळी गंडकी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात काळ्या, ठिसूळ शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचे थर आहेत, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेले. त्या समुद्रात अमोनाइट राहत. किड्याशी त्यांचं काही नातं नाही. माकूळ-म्हाकूळ आपल्याला ठाऊक आहेत, त्यांचे हे दूरचे भाऊबंद, पण पाठीवर गोल गुंडाळलेलं कवच असलेले. मेल्यावर कवच चिखलात पुरलं गेलं, त्याच्याभोवती चिखल घट्ट होत गोळा तयार झाला, पुढे समुद्रतळ उचलला जाऊन हिमालय उभा राहिला. नदी आता ते थर कोरते, गोळे सुटून पात्रात येतात, लोळत गुळगुळीत होतात. शाळिग्राम म्हणजे नदीत सापडलेला समुद्री जीवाश्म. आपल्याकडे तो शेकडो वर्षं पूजेत आहे.

दुपारच्या उजेडात शाळिग्राम तळहातावर ठेवा आणि त्याच्या तोंडातून, ज्याला आपण द्वार म्हणतो, मोबाईलची बॅटरी तिरकी पाडा. आतल्या भिंतीवर सारख्या अंतराने उमटलेल्या फासळ्या दिसतील. तेच चक्र. अमोनाइटचं कवच निघून गेलं तरी त्याचा ठसा दगडात राहिला आहे. एखाद्या शाळिग्रामात काहीच दिसत नाही, कारण गोळा अजून फुटलेला नसतो किंवा आतला ठसा झिजलेला असतो. फोडून बघायचं कारण नाही, आणि लिंबू-व्हिनेगर तर मुळीच लावू नका.

नातवाला आणखी एक सांगा. आपल्या सातपुड्याचा दगड लाव्हा होऊन वाहत होता, जवळपास त्याच काळात जगातले शेवटचे अमोनाइट संपले.

प्रश्न : भुसावळजवळ तापीच्या दरडीत, नदीपासून बरंच वर, पिवळ्या मातीत पांढरी शंखशिंपली मिळाली. हा समुद्राचा पुरावा नाही का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : नाही, पण तुझं निरीक्षण चांगलं आहे. ही गोड्या पाण्यातली शिंपली आहेत, तापीचीच. तिच्या काठाच्या उंच दरडी नदीनेच पुराच्या वेळी साठवलेल्या गाळाच्या आहेत. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर शंभर मीटर उतरली तरी गाळ संपत नाही, हे शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे. तापीचं पात्र सरकत गेलं, त्यामुळे जुन्या डबक्यांतली शंखशिंपली आज नदीपासून उंचावर दिसतात.

ओळखायचं कसं? गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं कवच बहुधा पातळ असतं, आतून मोत्यासारखी झाक, आणि दोन्ही शिंपा जिथे जुळतात तिथलं टोक झिजून खरवडल्यासारखं होतं, कारण नदीचं पाणी चुन्याला खातं. शंख बोटाच्या पेराएवढे, गुळगुळीत किंवा उभट मनोऱ्यासारखे. जाड, कंगोरेदार, काटेरी असं त्यात सहसा नसतं.

मात्र त्यांना टाकाऊ समजू नकोस. किती खोलीवर, कुठल्या थरात, वर कंकर (मातीतले चुन्याचे खडे) होतं की वाळू, हे लिहून ठेवलंस तर जुन्या तापीचं पाणी कसं होतं ते त्यावरून कळतं. त्याच थरांत जुन्या जनावरांची हाडं मिळू शकतात. हाड दिसलं तर उपटू नकोस. हवेत आलं की ते भुगा होतं. जळगावच्या विद्यापीठातल्या भूविज्ञानाच्या लोकांना किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळव.

प्रश्न : आमच्या शेताजवळच्या नाल्यात मोठमोठे गोल दगड उघडे पडले. गावात कोणी म्हणे डायनासोरची अंडी. पोरं ‘हाई काय शे?’ म्हणून रोज बघायला येतात.
(एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, पत्रासोबतच्या फोटोत गोट्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटताना दिसतात. हा बेसाल्ट आहे. त्याला चौकोनी भेगा पडतात, पाणी भेगांतून आत शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि मधला गाभा गोल राहतो. बाहेर मुरूम, आत काळा कडक दगड. रस्त्यासाठी डोंगर कापला की हे सगळीकडे दिसतं.

अंडी कशी असतात तेही सांगतो, कारण ती खरोखर आहेत, आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात. बाग-कुक्षी भागात लॅमेटा नावाच्या थरांत 92 घरट्यांत मिळून 256 अंडी नोंदवल्याचा शोधनिबंध 2023 साली आला. व्यास साधारण 15 ते 17 सेंटिमीटर, आकाराने एकसारखी, शेजारी शेजारी, आणि बाहेर काही मिलिमीटर जाडीचं चुन्याचं कवच. तुमच्या नाल्यातले गोटे एक घमेल्याएवढा, एक बैलाच्या डोक्याएवढा. अंडी अशी लहानमोठी नसतात. धार जिल्ह्यातल्याच पाडल्या गावात लोक अशीच गोल दगडी अंडी काकर भैरव म्हणून शेताच्या बांधावर पुजत होते, हेही त्याच वर्षी उजेडात आलं. पिढ्यान्‌पिढ्या पुजल्यामुळेच ती जपली गेली, याचं मला फार समाधान आहे.

प्रश्न : लिंबू पिळून फेस आला तर तो जीवाश्म, असं व्हिडिओत पाहिलं. बरोबर आहे?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : अर्धंच. फेस येतो म्हणजे दगडात चुना आहे, एवढंच ठरतं. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेलं असतं, त्यालाही फेस येतो. शेतातल्या कंकराला येतो. उलट जीवाश्मातला चुना जाऊन तिथे गार बसली असेल तर काहीच होत नाही. चाकूने खरवडून बघा: चुना ओरखडतो, अकीक आणि गारगोटीवर चाकूचीच रेघ उमटते. पण जीवाश्म ठरतो आकारावरून आणि रचनेवरून. अकीकात झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी असते, तीही वनस्पती नव्हे, मँगनीजची खनिजं भेगांत पसरून ती उमटते.

प्रश्न : आम्ही नवापूरला राहतो. मुलांना खरे समुद्री जीवाश्म दाखवायला सर्वांत जवळ कुठे न्यावं? आणि नदीवर शोधायचं कसं?
(एक पालक, नवापूर)

उत्तर : तुम्हाला पश्चिमेची वाट सोयीची. सुरत जिल्ह्यात तडकेश्वरच्या आजूबाजूला, किम नदीच्या पट्ट्यात, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची चुनखडी आहे. तिच्यात न्युम्युलाइट खच्चून भरलेले असतात: नाण्यासारखी चपटी, गोल कवचं, आणि एवढं कवच बांधणारा जीव एकपेशी! इजिप्तच्या गिझाच्या पिरॅमिडच्या दगडांतही न्युम्युलाइट आहेत. पडलेल्या तुकड्यात आडवं कापलेलं कवच शोधा, आत गुंडाळत गेलेले बारीक कप्पे भिंगाशिवाय दिसतात. त्या भागात लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणी आहेत, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

शिरपूर-शहाद्याच्या वाचकांना बाग जवळ. शहाद्याहून खेतिया, बडवानी, मग नर्मदा ओलांडून कुक्षी आणि बाग. तिथे बाघनी नदीकाठी वालुकाश्मात कोरलेली बौद्ध लेणीही बघा. वाघूरकाठची अजिंठ्याची लेणी लाव्हात कोरलेली, बागची त्या वालुकाश्मात. दोन्ही भिंतींवर हात ठेवून बघितलेत तर दगडातला फरक हाताला कळतो. बागला डायनासोरांसाठी राखलेलं क्षेत्र आहे, तिथून काही उचलायचं नाही.

शोधायची रीत सांगतो. पाणी उतरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळच्या तिरक्या उन्हात जा. वळणाच्या आतल्या बाजूला गोट्यांचा थर साचतो, तिथून सुरुवात करा. ओला दगड जास्त बोलका असतो, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवा. शिंपल्याचा तुकडा मिळाला की प्रवाहाच्या उलट्या दिशेने चालत राहा आणि गोट्यांच्या कडा बघा. जसजसे मूळ थराजवळ जाल तसे तुकडे टोकदार होत जातात. मग अचानक ते मिळेनासे होतात, म्हणजे तुम्ही थर मागे टाकलात. तिथून परत फिरा आणि दोन्ही काठ तपासा. ज्या क्षणी तोच शिंपला गोट्यात न दिसता काठाच्या दगडात बसलेला दिसतो, तेव्हा मोठ्या माणसांचेही पाय थबकतात. पण काठाला हातोडा लावू नका, खाली सुटून पडलेलं पुष्कळ असतं.

सावधगिरीचं सांगायलाच हवं. पोकळ झालेल्या दरडीखाली बसू नका. वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, मुलांना पात्रात उतरू देऊ नका. आपल्याकडे हतनूर धरणाचे दरवाजे किंवा गिरणेचं आवर्तन कधी सोडतात ते आधी विचारून घ्या. वर ऊन असलं तरी पात्रात पाणी वाढतं.

मिळालेला प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळा. कागदावर तारीख, नदी, गाव, कुठल्या काठाला, सुटा मिळाला की थरात, हे पेन्सिलीने लिहा. शाई ओल्याने पुसते. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपलेत तर आणखी चांगलं.

प्रश्न : पाटणे गावी शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं होतं असं ऐकलं. तेही जीवाश्मच का? आम्ही चाळीसगावचे.
(एक वाचिका)

उत्तर : ऐकलंत ते खरं. 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले. एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. समुद्राशी त्याचा संबंध नाही, पण तेव्हा आपल्या भागात शहामृग फिरत होते आणि त्यांच्या अंड्यांचे दागिने करणारी माणसं होती, हे त्यावरून कळतं. पाटणादेवीकडच्या नाल्यांत फिरताना दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, किंचित बाक असलेला, बारीक छिद्रं दिसणारा पांढरट तुकडा आढळला तर जागेवरच ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तो थरासकट मिळाला तर त्याच्याबद्दल पुष्कळ जास्त कळतं.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना गोट्याचे दोन फोटो हवेत, एक कोरड्या आणि एक ओल्या गोट्याचा, शेजारी नाणं ठेवून. नदीचं आणि गावाचं नाव न विसरता लिहा.